अजून काय उरलं?

॥ श्री ॥
नायगाव (पूर्व)
१४ जुलै २०२४

ती. मीराताईस, वसूचा शिरसाष्टांग नमस्कार.

कानाचं यंत्र शेवटी कपाटातच ठेवलंस हे वाचून राग आला, मग हसूही आलं. भांड्यांचा आवाज फार होतो म्हणून कोणी यंत्र काढून ठेवतं का? असो. फोन तुला ऐकू येत नाही आणि मोबाइलवरचं अक्षर मुंगीएवढं दिसतं, म्हणजे आपलं आंतर्देशीयच बरं. स्वस्तही पडतं. कडेची जागासुद्धा वाया घालवायची नाही.

मोठी बातमी आहे. मला गुरू मिळाले.

भुवया चढवू नकोस. तीन वर्षं शोधते आहे हे तुला ठाऊक आहे. विरारला एका महाराजांकडे अनुग्रह दोन प्रकारचा होता, साधा आणि विशेष. मी विचारलं, विशेषमध्ये जास्त काय मिळतं? तर सेवेकरी म्हणाला, "पुढची रांग." वसईचे दुसरे एक फार छान बोलायचे. पण दानपेटीला तो पैसे आले की बोलणारा डबा जोडलेला. आम्ही डोळे मिटून ध्यानाला बसलेलो आणि मधेच बाई बोलते, "एक सौ एक रुपये प्राप्त हुए." मी चपला शोधून घरी आले.

हे तसे नाहीत. कळंबला समुद्राकाठी सुट्टीवाल्या लोकांना भाड्याने देतात ती कॉटेजं आहेत, त्यातल्या शेवटच्या एकात राहतात. सगळे त्यांना अण्णा म्हणतात. भगवं नाही, दाढी नाही. अर्ध्या बाह्यांचा शर्ट, साधी विजार. बँकेतून निवृत्त झालेल्या माणसासारखे दिसतात. मी पहिल्या दिवशी नारळ नेला होता, तो परत दिला. म्हणाले, "घरी खवून खा." पैसे नाहीत, फळ नाही, फूलसुद्धा नाही. मी चार वेळा जाऊन खात्री केली. माझी कसोटी तुला माहीत आहे: जो घेतो तो दुकानदार.

बोलणंही जवळजवळ नाहीच. सुरूच्या झाडांखाली सगळ्यांनी बसायचं, समुद्राकडे बघायचं. उठताना ते एकेकाला विचारतात, "काय सोडलंस?" मी म्हटलं, अजून काही नाही. तर हसले आणि म्हणाले, "बघ." एवढंच. घरी येऊन मी साखर सोडली.

बसमध्ये फिलोमिना म्हणून एक बाई भेटते. नंदाखालची आहे, वाडीतली केळी त्या कॉटेजवाल्यांना विकते, अण्णांच्या मागच्या दारीही देते. तिला मी कौतुकाने सांगितलं की आमचे अण्णा कोणाकडून काही घेत नाहीत. ती म्हणाली, "बाय, आमी कोंबडीला फुकटच दाने घालतो." मला तिचं बोलणं आवडलं नाही.

क्षितिजा बरी आहे. फिट येऊन सहा वर्षं होऊन गेली. सकाळ-संध्याकाळची गोळी चालू आहे. डॉक्टर म्हणतात जन्मभर घ्यावी लागेल. बावीस वर्षांच्या मुलीला जन्मभर हा शब्द फार लांब वाटतो गं. त्यासाठी मी गुरू शोधत नव्हते, असं मी स्वतःला सांगत असते. हे बोटीवर आहेत, फेब्रुवारीशिवाय सुट्टी नाही.

तुझी,
वसू


आडिवरे
२९ जुलै २०२४

चि. सौ. वसूस अनेक आशीर्वाद.

तुझं अभिनंदन करावं की काळजी करावी हे ठरेना, म्हणून आधी लावणी उरकून घेतली. आता पाय शेकत लिहिते आहे.

गुरू काही घेत नाही हे चांगलंच. पण कॉटेजचं भाडं कोण भरतं, आणि फिलोमिनाच्या केळ्यांचे पैसे कोण देतं, हे तू चार वेळा जाऊन विचारलं नाहीस? घरात दुधाचा एक खाडा चुकला तर गवळ्याला दारात उभं करणारी बाई तू.

"सोडलं" वरून आई आठवली. काशीहून आली तेव्हा बरका फणस सोडून आली होती, आठवतं? तिचा जीव होता त्याच्यावर. त्यानंतर दर वैशाखात ती हाताला गोडेतेल लावून बसायची, फणस फोडायची, गरे काढून आपल्या ताटल्यांत वाढायची आणि आपण खाताना बघायची. मी एकदा म्हटलं, आई, एक खा, काशी लांब आहे. तर म्हणाली, "सोडला तो माझ्या जिभेपुरता. तुमच्या जिभांवर माझा काय हक्क?" चौथी शिकलेली बाई. तिला आपण कधी गुरू म्हटलं नाही, कारण ती आपल्याला रागवायची.

साखर सोडलीस ते बरंच केलंस. आपल्या घराण्याला ती मानवत नाही. गणपतीला क्षितिजाला घेऊन ये. मोदक चालेल ना तुझ्या अण्णांना?

मीराताई


नायगाव
१ सप्टेंबर २०२४

ती. मीराताईस सा. न.

उत्तराला उशीर झाला. रागावू नकोस, हल्ली वेळ कसा जातो कळत नाही. रोजच जाते कळंबला. क्षितिजाही येते.

भाड्याचं विचारलं होतंस. तिथे येणारे एक साहेब भरतात. तेसुद्धा अण्णांनी मागितलं नव्हतं. साहेबांनी नोकरी सोडली, मग राहतं घर सोडलं आणि ते पैसे आपणहून ठेवले. आता मागच्या खोलीत राहतात आणि अंगण झाडतात. त्यांच्या चेहऱ्यावर काहीही नसतं, ताई. राग नाही, काळजी नाही. धुतलेल्या पाटीसारखा चेहरा. मला त्याचा हेवा वाटतो.

साखरेनंतर मी चहा सोडला. मग मीठ. मग गादी. दर वेळी अण्णांना सांगितलं की ते ऐकून घेतात आणि विचारतात, "अजून काय उरलं?" ओरडत नाहीत, शाबासकीही देत नाहीत. अगदी हलक्या आवाजात, आपण जिन्यावर कोणाला वेळ विचारतो तसं. पण घरी येताना तेवढंच कानात राहतं. भाजी चिरताना, कपडे वाळत घालताना. मी कपाट उघडते आणि बघते, अजून काय उरलं?

बाकीचेही सांगतात आपापलं. एका बाईने सासूशी बोलणं सोडलं. त्यात कसला आला त्याग, असं माझ्या मनात आलं, तर अण्णांनी नेमकं माझ्याकडेच बघितलं. एकीने देवपूजा सोडली. ते ऐकून मी दचकले. पण मग विचार केला, जिला खरं सापडलं तिला समईचं काय काम? आपले देव मी अजून ठेवले आहेत. तूर्त.

आता जे लिहिते ते वाचून दुखावू नकोस. यंदा गणपतीला आम्ही येत नाही. मी ते सोडलं. अण्णांना सांगताना रडू आलं, तर त्यांनी पहिल्यांदाच माझ्या डोक्यावर हात ठेवला.

क्षितिजाची ओळख करून दिली तेव्हा अण्णा तिच्याकडे खूप वेळ बघत होते. म्हणाले, "ही हलकी आहे." तिने वाकून नमस्कार केला. ती, जी घरात मला पाणी आणून द्यायला कुरकुरते!

तिच्या गोळ्यांचा डबा तिथे नेला होता. त्यांनी विचारलं, "हे काय?" मी सगळं सांगितलं. ते काहीच बोलले नाहीत. माझ्याकडे बघत राहिले.

वसू


आडिवरे
१४ सप्टेंबर २०२४

चि. वसूस आशीर्वाद.

गणपती गेले. तुझ्या नावाचा मोदक मी कावळ्याला घातला.

तू लिहिलंस की ते काहीच बोलले नाहीत. पुढे काय झालं ते लिहिलं नाहीस. तुझं पत्र तीनदा वाचलं. लहानपणी तू काही फोडलंस की असंच अर्ध्यावर थांबायचीस आणि तुकडे मला परसात सापडायचे.

सरळ विचारते. गोळ्या चालू आहेत की नाहीत?

वसू, साखर तुझी होती. मीठ, चहा, गादी तुझी. मोदकही तुझाच धर. पण क्षितिजाची गोळी तुझी नाही. जे आपल्या ताटात वाढलेलं नाही ते आपल्याला सोडता येत नाही, ते फक्त हिसकावून घेता येतं. आईने आपल्याला फणस बंद केला असता तर काशीच्या देवानेच तिला हाकलून दिलं असतं.

आणि एक. तुझा अण्णा म्हणतो "अजून काय उरलं". कोणीतरी त्याला विचारलं आहे का, तू काय सोडलंस?

या पत्राचं उत्तर टपालाने यायची वाट बघवत नाही. शेजारच्या मीनलला तुला फोन करायला सांगितलं. ती म्हणते तुझा नंबर लागत नाही.

मीराताई


नायगाव
६ ऑक्टोबर २०२४

ती. ताईस नमस्कार.

फोन सोडला आहे. म्हणून लागत नाही.

तू विचारलंस म्हणून सांगते. गोळी बंद केली. महिना होत आला, काहीही झालेलं नाही. उलट तिच्या चेहऱ्यावर तेज आलं आहे, सगळे म्हणतात. अण्णांनी बंद कर म्हटलं नाही हे लक्षात ठेव. त्यांनी फक्त नेहमीचं विचारलं, अजून काय उरलं, आणि माझ्या तोंडून आपोआप निघालं, "भीती." मला कळलं, मी रोज सकाळ-संध्याकाळ मुलीच्या हातावर गोळी नाही, भीती ठेवत होते. मी भीती सोडली. क्षितिजा हसून "बरं झालं" म्हणाली. मग जबरदस्ती कुठे झाली?

तू मला लहानपणापासून ओळखतेस, तेच आता आड येतं. तुझं पत्र आलं की दोन दिवस मी पूर्वीची होते. इथे सगळे म्हणतात की जुनं माणूस म्हणजे जुनी गाठ.

तेव्हा यापुढे लिहू नकोस. आलं तरी मी फोडणार नाही. तुझ्यावर राग नाही. कशावरच नाही.

वसुंधरा


नायगाव
२ डिसेंबर २०२४

ताई,

मायना सुचत नाही. तुझी दोन पत्रं न फोडता ठेवली होती, ती आज फोडली. दुसऱ्यात काही लिहिलेलंच नाहीस, नुसता गणपतीचा अंगारा पाठवलास. तो लावून लिहायला बसले आहे.

गेल्या महिन्यात, कार्तिकी होऊन गेल्यावर, आम्ही सकाळी सुरूखाली बसलो होतो. क्षितिजा माझ्या पुढे होती. तिने मान वर केली, एकदम ताठ झाली आणि आडवी पडली. हातपाय झटकायला लागले. मागून कोणीतरी म्हणालं, "लागली! समाधी लागली!" आणि एकेक करून सगळ्यांनी हात जोडले.

ताई, मीसुद्धा जोडले.

सहा वर्षांपूर्वी स्वयंपाकघराच्या लादीवर हेच मी पाहिलं होतं. तिचं डोकं मांडीवर घेतलं होतं, कुशीवर वळवलं होतं, शेजाऱ्यांना हाका मारल्या होत्या. आणि इथे वाळूत मी तिच्या मागे हात जोडून बसले. किती वेळ ते सांगता येणार नाही. तोंडाला फेस आला आणि त्यात वाळू चिकटायला लागली तेव्हा मी जागी झाले. ओरडले, तिला कुशीवर वळवलं. कोणी हललं नाही. मी अण्णांकडे पाहिलं. त्यांचा चेहरा जसा रोज असतो तसाच होता. तोच शांतपणा, जो पाहून मी म्हणायचे की असा माणूस लाखात एक. त्या क्षणी मला कळलं की तो शांतपणा समुद्र बघतानाही तोच आहे आणि तडफडणारी पोर बघतानाही तोच. मला आयुष्यात एवढी भीती वाटलेली नाही.

फिलोमिना मागच्या दारी केळी देत होती. माझा आवाज ऐकून पाटी टाकून धावत आली. "ह्यांना काय डोळे नाय काय गो! रिक्शा आनते, तू पोरीला धर." तिनेच दवाखान्यात नेलं. रात्रीपर्यंत क्षितिजा ठीक झाली. मला वाटलं, शिक्षा मिळाली आणि सुटलो.

शिक्षा नंतर सुरू झाली. रिक्षा यायच्या आधी, ती वाळूतच शुद्धीवर येत असताना, अण्णा तिच्याजवळ वाकले होते. त्यांनी विचारलं, "काय दिसलं?" ती म्हणाली, "काहीच नाही." ते म्हणाले, "तेच."

त्या एका शब्दाने माझी पोर गेली. जन्मभर लोक तिला फिटवाली म्हणाले, दोन स्थळं परत गेली, आणि हा पहिला माणूस ज्याने सांगितलं की तुझं दुखणं हेच तुझं मोठेपण. आता गोळी हातावर ठेवली की ती मूठ उघडतच नाही. म्हणते, "आई, मला तिथे परत जायचंय. गोळी मला अडवते." मी रडले, पाया पडले. एक दिवस चार कपडे घेऊन निघाली. दारात मी आडवी झाले तर शांतपणे म्हणाली, "तूच शिकवलंस ना? मी तुला सोडलं."

तिचाही चेहरा तसाच झाला आहे. धुतलेल्या पाटीसारखा.

पोलिसांकडे गेले. ते म्हणाले, मुलगी सज्ञान आहे, स्वतःच्या मर्जीने गेली आहे, बाबा पैसे घेतो का? मी म्हटलं, नाही. ते म्हणाले, मग तक्रार काय लिहू? तिथे बसल्या बसल्या मला माझीच कसोटी ऐकू आली. तो पैसे घेत नाही. मग त्याला काय मिळतं, ताई? लोभी माणूस असता तर पोट भरल्यावर थांबला असता.

मला आता आत येऊ देत नाहीत. मी रोज डबा घेऊन फाटकाशी उभी राहते. क्षितिजा मला बघते आणि वळते. आणखी दोनदा फिट आली, फिलोमिनाने सांगितलं. दोन्ही वेळा सगळे हात जोडून भोवती बसले होते.

यांना बोटीवर निरोप दिला आहे. येईपर्यंत काय होईल? मला काही सुचत नाही.

वसू


आडिवरे
९ डिसेंबर २०२४

वसू,

रडणं थांबव. गोठ्याची सोय मीनलकडे केली आहे. मी निघते आहे, पण तुझ्याकडे येत नाही. तिथे कोणाला कळता कामा नये की मी तुझी बहीण.

क्षितिजा मला ओळखेल. ओळखू दे. मी तिला सांगेन, मीही सगळं सोडून आले, तुझ्या आईलाही. तिला खरं वाटेल. आपण एकमेकींना पत्रं लिहिणं बंद केलं हे तिने पाहिलंच आहे. इतरांना ती का सांगेल? तिथे जुनी नाती सांगत नाहीत ना?

तू म्हणतेस त्या माणसाचा आवाज कानात राहतो. माझ्या कानांत काही शिरतच नाही. यंत्र कपाटातच ठेवून येते.

तिच्या गोळ्या फिलोमिनाकडे देऊन ठेव. कुटून अन्नात घातल्या तर चालतात का, ते आधी डॉक्टरला नीट विचार आणि कागदावर लिहून दे. बाकी मी बघते.

मीराताई


कळंब
५ जानेवारी २०२५

चि. वसूस अनेक आशीर्वाद.

हे पत्र फिलोमिना केळीच्या पाटीतून आणेल. तिला चहा दे आणि साखर घाल.

क्षितिजा जिवंत आहे, जेवते आहे. हे आधी लिहिलं, आता बाकीचं.

मला आत घेताना त्यांनी काही विचारलं नाही. म्हातारी, विधवा, बहिरी. अशा माणसाला कुठेच कोणी काही विचारत नाही. तिसऱ्या दिवशी मी चुलीचा ताबा घेतला. आधी जी करत होती तिने खाणंच जवळजवळ सोडलं होतं, ती उठून गेली. इथे एक नियम बरा आहे: ताटात वाढलेलं टाकायचं नाही. मी डॉक्टरच्या कागदाप्रमाणे गोळी कुटते आणि क्षितिजाची भाजी स्वतःच्या हाताने वाढते. हाताला तेल लावून बसल्यासारखं वाटतं. ती खाते आणि मी बघते. तिला फसवते आहे हे मला कळतं. ती बरी झाली की तिच्यासमोर कान पकडून उभी राहीन. गेले काही दिवस फिट नाही. त्यामुळे ती उदास आहे. माझ्या कानाला तोंड लावून मोठ्याने म्हणते, आता समाधी लागत नाही, माझ्यात काहीतरी कमी पडतंय. काल पहिल्यांदा माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली आणि तसंच कानाशी विचारलं, "मावशी, आई डबा घेऊन येते का अजून?" मी मानेनेच हो म्हटलं. तेव्हा तू येत राहा. तिला दिसेल अशी उभी राहा.

आता जे लिहिते ते नीट वाच.

मला वाटलं होतं, ऐकू येत नाही म्हणजे मी सुरक्षित. पहिले काही दिवस तो माझ्याकडे बघायचा, ओठ हलवायचा आणि मी आपली हसायचे. मग त्याच्या लक्षात आलं. त्याने एक पाटी मागवली. आपल्या शाळेत होती तशी, लाकडी चौकटीची. रोज संध्याकाळी जेवणं झाली की तो चुलीपाशी येतो, माझ्यासमोर बसतो, पाटीवर लिहितो आणि पेन्सिल माझ्याकडे करतो. अक्षर फार सुंदर आहे त्याचं. "अजून काय उरलं?"

मी रोज पाटी पुसून परत देत होते.

वसू, आमचे हे गेले त्याला अकरा वर्षं झाली. मूल झालं नाही. भावकीने अर्ध्या जमिनीवर रेघ मारली. तेव्हापासून मला समोर बसून कोणी काही विचारलेलं नाही. तुझ्या पत्रांत तू विचारतेस, पण पत्र म्हणजे लांबचं. हा माणूस रोज येतो, घाई करत नाही, आणि माझ्याकडे असं बघतो की जणू मी जे लिहीन ते वाचायला तो जन्मला आहे. तो ज्ञानी आहे की कोण आहे हे मला माहीत नाही. मी जवळून बघितलं, त्याच्या डोळ्यांत दुष्टावा नाही. काहीच नाही. विहिरीत वाकून बघितल्यावर खालून जसा आपलाच चेहरा वर येतो, तसं होतं.

काल मी पाटी पुसली नाही. पेन्सिल हातात घेतली. काय उरलं याचा विचार केला आणि मला फारसं काही आठवेना. मग चुलीवरची भाजी लागल्याचा वास आला म्हणून उठले. क्षितिजाची भाजी होती ती. तेवढ्यावर वाचले.

आज परत तो येईल.

फेब्रुवारीची वाट बघू नकोस. विलासरावांना लगेच बोटीवरून उतरून यायला सांग. एकटी येऊ नकोस, फिलोमिनाला घे, तिच्या वाडीतल्या चार बायका घे, ओरडणाऱ्या घे. फाटकाशी थांबू नकोस. आधी क्षितिजाला धर. मग मला. मी यायला नाही म्हणाले तर ऐकू नकोस. माझं तोंड हलताना दिसेल, माझ्यासारखी बहिरी हो आणि ओढून ने.

लवकर ये गं. माझ्याकडे खरंच फार थोडं उरलं आहे.

मीराताई